परदेशी जाण्यापूर्वी घरी करावयाची कामे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शाळा झाली आणि पुढे चूल हातात आली. मंडळात आजवर माझे काम म्हणजे हळदीकुंकवाच्या वाणाची मोजदाद ठेवणे आणि चहाच्या पातेल्याजवळ उभे राहणे. पण यंदा आपल्या आळीतून तीन बिऱ्हाडे परदेशी जावयाची आहेत, त्यांतल्या दोघीजणी इथे समोरच बसल्या आहेत, म्हणून अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुमची धाकटी जाऊ शारजाला गेली तेव्हा काय काय करावे लागले ते तुम्ही सांगा." मी म्हटले, अहो, मी कुठे गेले? मी इथेच आहे. तर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही सांगा. जाणारा विमानात बसला की विसरतो."

आणि ते खरे आहे. म्हणून जे आमच्या घरी घडले ते सांगते. त्यात शहाणपणापेक्षा फजितीच जास्त आहे.

आमचे धाकटे भावजी २०१६ पासून शारजाला एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. वर्षाकाठी महिनाभर यावयाचे आणि जावयाचे. २०२२ च्या दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, आता पगार बरा झाला आहे, बायकोमुलांना घेऊन जाईन. सासूबाईंनी डोळे पुसले, पण तोंडाने "ने रे बाबा" म्हटले. ठरले की येत्या मार्चात मंडळी जाणार. भावजी पुरता एक महिना घरात होते. त्या महिन्यात आम्ही काय केले म्हणाल तर बॅगा घेतल्या. मुलांना कपडे शिवले, नात्यातली दोन लग्ने जेवलो, मार्लेश्वरला जाऊन आलो. भावजी परत गेले, आणि मग आम्ही कागद काढायला बसलो.

कागद म्हणजे काय राहिले होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. २२ जुलै २०२१ चा पूर इथे कोणाला विसरता येणार आहे? २००५ सालीही पाणी आले होते, पण तेव्हा ट्रंक वाचली होती. या खेपेस वाशिष्ठी ओटीवर छातीइतकी चढली आणि पलंगाखालची ट्रंक दोन रात्री चिखलात बसली. पाणी ओसरल्यावर शेजारणीने तिच्या माडीवरची रद्दी दिली, तीत एकेक कागद घालून सावलीत वाळवले. काही वाचले, काहींची नुसती शाई पसरली. जे वाचले ते पुन्हा भिजू नयेत म्हणून मी मोठ्या हौसेने बाजारात नेले आणि एकूणएक कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून, म्हणजे लॅमिनेशन करून, आणले. मला वाटले मी केवढे शहाणपणाचे काम केले!

आता ऐका. परदेशी न्यावयाच्या दाखल्यावर सरकारचे शिक्के मारावे लागतात, पाठीमागच्या बाजूस. प्लॅस्टिकवर शिक्का बसत नाही. जावेचा शाळेचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला घेऊन आम्ही दोघी गेलो, तर खिडकीतले गृहस्थ ते उलटेसुलटे करून म्हणाले, "बाई, हा शिक्का मी मारू कुठे?" सगळे दाखले पुन्हा नव्याने काढावे लागले. तेव्हा आपल्यापैकी ज्यांनी पुरानंतर माझ्यासारखेच केले असेल, आणि मला ठाऊक आहे की पुष्कळ जणींनी केले आहे, त्यांनी नव्या प्रती आत्ताच मागवून ठेवाव्यात. नवी प्रत साध्या पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी पलंगाखाली नको, वरच्या फळीवर ठेवा.

नव्या प्रती हातात आल्या तेव्हा दुसरेच दुखणे निघाले. भगिनींनो, हे मी जरा विस्ताराने सांगते, कारण ते आपल्या बायकांचेच दुखणे आहे.

आपल्याकडे लग्नात ताम्हणात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यावर बायकोचे नवे नाव लिहितो. सगळे टाळ्या वाजवतात, नाव घ्या नाव घ्या म्हणतात. माझ्या जावेचेही तसेच बदलले. माहेरचे नाव एक, सासरचे नाव दुसरे, वडिलांच्या जागी नवरा आणि आडनावही नवे. म्हणजे तिच्या नावातला एक शब्दसुद्धा जुना उरला नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. आधार कार्डावर सासरचे. पहिले बाळंतपण माहेरी झाले, तिथे आजोबांनी दवाखान्यात आपल्या मुलीचे नाव जे तोंडात होते तेच सांगितले, म्हणून मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव माहेरचे. दुसऱ्या खेपेचा मुलगा इथला, त्याच्या दाखल्यावर आईचे नाव सासरचे. म्हणजे कागद पाहणाऱ्याला वाटावे की या दोन मुलांच्या आया दोन! जाऊ रडकुंडीला आली. म्हणाली, "ताई, दोन्ही पोरे माझीच आहेत हे मी कोणाकोणाला सांगत फिरू?"

ते सांगणारा कागद एकच, तो म्हणजे विवाहनोंदणीचा दाखला. तो आमच्याकडे नव्हता. २०११ साली लग्न झाले, गाव जेवले, फोटो काढले. नोंदणी कोणी केली नाही. आपल्या महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे, आणि उशीर झाला तरी दंड भरून नोंद करता येते. पण तिला नवरा आणि बायको दोघांनी समक्ष जावे लागते. तीन साक्षीदार लागतात. लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. आमचे भटजी वारले होते, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून घ्यावे लागले. साक्षीदार मिळाले. पण नवरा होता शारजाला! जो माणूस दिवाळीत महिनाभर घरात बसून करंज्या खाऊन गेला, त्याला दोन सह्यांसाठी फेब्रुवारीत बिनपगारी रजा टाकून, तिकिटाचे पैसे मोडून पुन्हा यावे लागले.

मग जावेचा नावबदल महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात छापून घेतला. मुलीच्या जन्मदाखल्याशी ते सारे जोडले. मुलांच्या पासपोर्टाच्या अर्जाला आईबाप दोघांची संमती लागते, ती भावजी होते तेवढ्यात उरकली. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, मोठ्यांचा दहा वर्षांचा, हेही ध्यानात ठेवा. आणि मुदत संपायला सहा महिने असतानाच तो निरुपयोगी झाला असे समजून चाला, कारण बहुतेक देश तेवढी मुदत शिल्लक मागतात.

मग लग्नाचा दाखला प्रवासाला निघाला. आधी मंत्रालयातून शिक्का, मग दिल्लीच्या परराष्ट्र खात्याचा, मग मुंबईतल्या अमिरातीच्या वकिलातीचा, आणि तिकडे पोहोचल्यावर तिथल्या सरकारचा. काही देशांना ॲपोस्टिल नावाचा परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का पुरतो. तसा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, आपला देश २००५ पासून त्यात आहे. आमच्या वेळी, म्हणजे २०२३ साली, अमिरात त्यात नव्हती, म्हणून वकिलातीचा फेरा पडला. तुम्ही कुठल्या देशी जाणार त्याप्रमाणे हे बदलते, तेव्हा आधी ते विचारा आणि मगच एजंटाला पैसे द्या.

या साऱ्यात मार्च गेला. तिकडच्या भारतीय शाळा बहुतेक केंद्रीय बोर्डाच्या, त्यांचे वर्ष एप्रिलात सुरू होते, आपल्यासारखे जूनमध्ये नव्हे. मंडळी जूनच्या अखेरीस पोहोचली तेव्हा तिकडे उन्हाळ्याची सुट्टी लागत होती. मुलीला सप्टेंबरात कशीबशी एका शाळेत जागा मिळाली. तोवर दहा वर्षांची पोर दोन खोल्यांत बसून होती, बाहेर ऊन असे की अंगणात जाऊ म्हणायची सोय नाही, आणि अंगण तरी कुठले! मराठी शाळेतून एकदम इंग्रजी, वर अरबी भाषा सक्तीची. फोनवर मला म्हणाली, "मोठी आई, मला मागच्याच वर्गात बसवले." त्या दिवशी मला जेवण गेले नाही. आम्ही दिवाळीत मार्लेश्वरला गेलो त्याऐवजी नोंदणीला गेलो असतो, तर पोरीचे वर्ष वाचले असते. देवाचा राग नको, पण तो कुठे पळून जाणार होता?

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की कामाची यादी करताना महत्त्वाचे कोणते आणि बिनमहत्त्वाचे कोणते असे पाहू नका. सही कोणाची लागते ते पाहा. दोघांची सही लागणारी कामे दोघे घरात असताना. एकाच्या सहीची कामे मग. आणि ज्यांना सही लागत नाही, बॅगा, कपडे, लाडू, ती शेवटच्या आठवड्यात.

किरकोळ कामे भराभर सांगते. मुलांच्या लसीचे कार्ड पुरात गेले होते, ते आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आपल्या वहीवरून पुन्हा लिहून दिले. ते डॉक्टरांकडून इंग्रजीत करून घ्या. दात आणि चष्मे इथेच उरकून जा. भावजींच्या विम्यात दात बसत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही वरच्या सह्या लागतात, त्या शाळेला मेची सुट्टी लागण्यापूर्वी. रेशनकार्ड, गॅस, घरपट्टी यांचे तुम्हांला मी काय सांगावे. ज्यांचे यजमान एजंटामार्फत नोकरीला जात आहेत त्यांनी मात्र त्या एजंटाची सरकारी नोंदणी आहे की नाही हे परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर मुलाकडून पाहून घ्यावे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टावर वेगळा शेरा येतो, आणि आखातात नोकरीला जाताना तो आड येतो. माझी जाऊ नववी झालेली, पण ती नवऱ्याकडे राहायला गेली, नोकरीला नव्हे, म्हणून अडले नाही.

मोबाईलचे एक सांगते. बँकेचा जो गुप्त आकडा येतो तो इथल्या नंबरावर येतो. तो नंबर परदेशी चालावा अशी सोय निघण्यापूर्वी करून घ्यावी लागते, आणि अधूनमधून त्यात पैसे घालावे लागतात, नाहीतर तीन महिने वापर नसला की नंबर बंद पडू शकतो. भावजी पहिल्या वेळी आपले सिमकार्ड माझ्याजवळ ठेवून गेले होते. रात्री अकराला फोन, "वहिनी, आकडा सांगा." मी चष्मा शोधेपर्यंत आकडा बाद! वर दारावर हेच सांगत फिरतात की आकडा कोणाला सांगू नका. मग त्यांच्या पुढच्या फेरीत ते कार्ड त्यांच्याच हाती दिले.

आता स्वयंपाकघर. सासूबाईंनी नातवंडांसाठी आठ दिवस आधी अनारशाचे पीठ केले. अनारसे झाले, जाळी अशी सुरेख पडली की काय सांगू. सांजेला भावजींचा फोन आला, सहज विचारले काय काय देता आहात. अनारसे म्हटल्याबरोबर ते ओरडलेच, "वहिनी, खसखस!" अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ती अफूच्या बोंडातली, म्हणून तिकडे तिला मादक पदार्थांत धरतात. पिशवीत सापडली तर तुरुंगापर्यंत गोष्ट जाते. अनारशाला खसखस, करंजीच्या सारणात खसखस, माझ्या गोड्या मसाल्यातही खसखस. सगळे बॅगेतून काढले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्या अनारसे खात आल्या, कोणाला झिंग आली नाही." पण कायदा त्यांच्या देशाचा. रात्री बसून बिनखसखशीचा मसाला पुन्हा कुटला आणि शंकरपाळे तळले. अनारसे आळीत वाटले, तुम्ही खाल्लेच आहेत. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढल्या. खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेते, म्हणून विमानात चालत नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असते, तशा औषधांना तिकडे आधी परवानगी लागते. म्हणून औषध कोणतेही असो, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर आणि मूळ वेष्टन फाडावयाचे नाही. बॅगांचे वजन आम्ही वाण्याच्या काट्यावर करून आणले, ते बरे झाले.

सोन्याबद्दल: अंगावर जे जाणार त्याचे फोटो आणि सोनाराकडून वजनाचा कागद घ्या, आणि निघताना विमानतळावर कस्टमवाल्यांकडून दाखला मागा. तो नसला तर परत येताना हे सोने तिकडून आणले काय असा प्रश्न पडतो. जावेने मंगळसूत्र आणि दोन बांगड्या नेल्या, बाकी लॉकरात ठेवले, आणि लॉकरावर वारसाचे नाव लावून गेली.

आता शेवटची गोष्ट. ही सांगावी की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. घरची गोष्ट आहे. पण सासूबाईच म्हणाल्या, सांग, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सासरे गेल्यावर त्यांचे दोन लाख रुपये सासूबाईंच्या आणि धाकट्या भावजींच्या नावे मुदतठेवीत होते. भावजी जाताना आमचे यजमान म्हणाले होते, "अरे, त्या ठेवीचे काही करून जा." त्यावर सासूबाईच रागावल्या. म्हणाल्या, "भावाभावांत कागद कशाला? मी मेले का?" विषय तिथेच मिटला. मलाही वाटले, उगाच आपण पैशाचे बोललो असे नको दिसायला. मोठ्या सुनेने पैशाची गोष्ट काढली की त्याचा अर्थ काय होतो ते तुम्ही जाणता.

२०२४ च्या पावसाळ्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचे हाड मोडले. दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी असे डॉक्टर म्हणाले. यजमान बँकेत गेले. मुदतीपूर्वी ठेव मोडायची तर दोन्ही नावांच्या सह्या पाहिजेत. एक सही दवाखान्यात आडवी आणि दुसरी शारजाला! बँकेचा दोष नाही, नियमच तसा आहे. भावजींनी होते तेवढे, तीस हजार, लगेच पाठवले. बाकीच्यासाठी माझ्या पाटल्या पतपेढीत गेल्या. तिकडे सही करून, ती साक्षांकित करून, टपालाने कागद यायला दीड महिना लागला. तोवर सासूबाई काठी घेऊन उभ्या राहू लागल्या होत्या. त्यांनीच विचारले, "तुझ्या पाटल्या कुठे आहेत ग?" मी म्हटले, हात सुजला आहे म्हणून काढल्या. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री यजमानांना बोलावून म्हणाल्या, "ठेव माझ्या एकटीच्या नावाने कर, वारसाचे नाव लाव, आणि खर्चापुरते पैसे तुझ्या-माझ्या नावाने अशा खात्यात ठेव की दोघांपैकी कोणाच्याही सहीने निघतील." हे एका फॉर्मचे काम होते. दोन वर्षांपूर्वी भावजी ओटीवर बसले होते तेव्हा अर्ध्या तासात झाले असते.

त्यांच्या स्वतःच्या इथल्या बचतखात्याचेही तेच. माणूस तिकडे राहायला गेला की साधे खाते तसेच चालवावयाचे नाही, बँकेला सांगून ते अनिवासी, म्हणजे एनआरओ, करावे लागते. तेही आधी केले नव्हते, मग झाले.

घराचे मुखत्यारपत्र २०२५ च्या मे महिन्यात भावजी आले तेव्हा दुय्यम निबंधकांकडे नोंदवले. त्यात विक्रीचा अधिकार मुद्दाम ठेवला नाही. दुरुस्ती, घरपट्टी, पुराचा पंचनामा, भाडेकरू एवढाच कारभार. माझेच म्हणणे होते तसे. सगळा अधिकार लिहून घेतला असता तर उद्या जावेच्या मनात काही आले असते, आणि आले असते तर तिचे काय चुकले असते? हेच पत्र परदेशातून करता येते, तिकडच्या आपल्या वकिलातीत जाऊन सही करून. मग ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्याचे मुद्रांक भरावे लागतात. पण तो द्राविडी प्राणायाम कशाला?

पाटल्या सुटल्या, या पाहा, हातात आहेत. जावेने तिकडून फोनवर विचारले, "ताई, तेव्हा सांगितले का नाहीत?" मी म्हटले, तू तिथून काय करणार होतीस? ती गप्प झाली, मीही गप्प झाले. ते बोलणे अजून अर्धेच राहिले आहे.

आमच्या घरची ती फाइल मी आज बरोबर आणली आहे. कोणता कागद कुठून काढला, कोणी किती दिवस लावले, हे जावेने आणि मी त्यात पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. ज्या दोघी जावयाच्या आहेत त्यांनी अल्पोपाहाराच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसावे. आणि ज्यांच्या घरून कोणी जाणार आहे पण आपण मागे राहणार आहोत, त्यांनीही यावे. चहाच्या पातेल्याकडे आज दुसरी कोणीतरी बघेल.